एकेरी वाहतुकीचा माझा नकाशा

लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मी जुन्या जालन्याची वाहतूक सुधारायला काढली. घरात आमटीत मीठ किती घालायचं तेसुद्धा सासूबाईंना विचारून घालत होते, पण गावाला वळण लावायचं ठरवताना मी कुणालाच विचारलं नाही. नवीन जालन्यातल्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायची. आपण एक दिवस वर्गावर गेलो नाही तर पृथ्वी आसावर फिरायची थांबेल, असा त्या काळी माझा प्रामाणिक समज होता.

आमची गल्ली धान्याच्या आडत दुकानांची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ज्यानं कुणी ही गल्ली आखली त्यानं डोळ्यांसमोर बैलगाडी ठेवली असणार. आता तिच्यात बैलगाड्या होत्याच, वर टेम्पो होते, रिक्षा, स्कूटरी, हातगाडे, आणि या सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहून मेथीच्या जुडीवरून घासाघीस करणाऱ्या आम्ही बायका. बैलाला मागं जाता येत नाही आणि टेम्पोवाल्याला मागं जायचं नसतं. दोघं समोरासमोर आले की गल्ली बसायची. पोती उतरवणारे हमाल बिड्या पेटवायचे. रिक्षावाले इंजिन चालूच ठेवून खाली उतरायचे आणि भांडायचे. निळा धूर माड्यांपर्यंत चढायचा. चालत काहीच नसायचं, नुसतं पेट्रोल जळत असायचं.

या पेट्रोलचा मला फार ताप. म्हणजे आमच्या ह्यांच्या स्कूटरमधल्या. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं ही देशाची नासाडी आहे, असं मी कुठंतरी वाचलं होतं. झालं! मी फर्मान काढलं, की गल्लीत स्कूटर चालू करायची नाही. मग रोज सकाळी हे दोन्ही हातांनी हँडल धरून स्कूटर ओढत पुढं, आणि मी पर्स काखोटीला मारून मागं. मोठ्या रस्त्याला लागलं की किक मारायची, आणि नदीकडचा उतार लागला की पुन्हा इंजिन बंद. उतार संपला की गाडी पुलाच्या तोंडाशी गपकन थांबायची, आणि तिथं किका मारून मारून ह्यांचा शर्ट पाठीला चिकटायचा. पेट्रोल वाचलं तेवढा साबण जास्त लागला. चहाच्या टपरीवरचे लोक विचारायचे, "काय साहेब, गाडीला फिरायला घेऊन निघाले का?" हे नुसते हसायचे. भला माणूस. दुसरा कुणी असता तर ती स्कूटर माझ्याच डोक्यावर ठेवली असती.

त्या वर्षी माझी नणंद बाळंतपणाला आली. सातवा लागताच सासूबाईंनी तिला आणून घेतलं होतं, आणि त्याला कारण होतं. तिचं सासर अंबड तालुक्यात, पार आत. मागच्या खेपेला दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. आधी बैलगाडी, मग ओढ्यापाशी बैलगाडी रुतली म्हणून कुणाचा तरी ट्रॅक्टर, मग फाट्यावर गाडीची वाट पाहणं. दवाखाना लांबच राहिला, वाटेतच सगळं झालं. बाळ रडलंच नाही. तेव्हापासून तीही फारसं बोलत नव्हती. दिवसभर खिडकीशी बसायची आणि खाली गल्ली बसली की तिची बोटं गजावर आवळायची.

सासूबाईंच्या डोक्यात रात्रंदिवस एकच. "दवाखाना नदीच्या पल्याड, हाकेवर हाय. पन ही गल्ली पार व्हायला पाह्यजे ना! तिकडं रस्ता नव्हता म्हनून लेकरू गेलं. इथं रस्ता असून जाईल."

हे ऐकलं आणि माझ्यातली भूगोलाची बाई उठून उभी राहिली.

एका रविवारी मी ड्रॉइंगचा कागद आणला, रंगीत पेन्सिली आणल्या, आणि पदर खोचून आसपासचे सगळे बोळ हिंडून आले. आणि काय सांगू, मला खजिनाच सापडला. आमच्या गल्लीच्या मागच्या अंगानं एक चांगला रुंद बोळ जात होता. सरळ, सपाट, आणि अगदी मोकळा. एक गाडी नाही, एक दुकान नाही. इतका सोन्यासारखा रस्ता पाठीशी असताना लोक पुढच्या गल्लीत एकमेकांच्या छाताडावर का बसतात, हे मला कळेना. लोक अडाणी आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो मोकळा का आहे, हे कुणाला तरी विचारावं, एवढी एक गोष्ट तेवढी सुचली नाही.

नकाशा मात्र देखणा झाला. कोपऱ्यात दिशांचं फूल काढलं. समोरच्या गल्लीला नाव दिलं 'पूर्व मार्ग', मागच्या बोळाला 'पश्चिम मार्ग'. पूर्व मार्गानं सगळ्यांनी आत यायचं, तिकडं लाल बाण. पश्चिम मार्गानं बाहेर पडायचं, तिकडं निळे बाण. समोरासमोर कुणी यायचंच नाही, म्हणजे कुणी अडायचं नाही, धूर नाही, पेट्रोलची नासाडी नाही, आणि नणंदेची रिक्षा निळ्या बाणानं सुळकन बाहेर. ह्यांना दाखवला. ह्यांनी तो उलटा धरला आणि म्हणाले, "फार छान आहे." सगळे बोळ ह्यांच्या पायाखालचे, पण 'पश्चिम मार्ग' म्हटल्यावर जन्मभराच्या माणसालाही आपली गल्ली ओळखू येईना, असा माझा नकाशा.

समोरच्या मोठ्या शेठजींच्या ओट्यावर संध्याकाळी गल्लीतली माणसं जमायची. तिथं हे नकाशा घेऊन गेले. आम्ही तिघी, म्हणजे सासूबाई, नणंद आणि मी, वरच्या खिडकीत. ह्यांनी घसा साफ करून वाचलं. माना डोलल्या. "वा! कोन काढलं हे?" कुणीतरी विचारलं.

"आमच्या घरातून," हे म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शेठजींनी चष्मा पुसला, निळ्या बाणावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू पुढं सरकवत नेलं. "साहेब, हा पश्चिम मार्ग म्हंजे कोन्चा?"

"हा... तेलाच्या घाण्याच्या मागून निघतो तो."

"अन् जातो कुठं?"

ह्यांनी नकाशा सुलटा केला. पाहिला. पुन्हा पाहिला. ह्यांचे कान लाल झालेले मला वरून दिसले. खाली कुणाला तरी फस्सकन हसू फुटलं.

"म्हंजे रोज सकाळी समद्या आडतीला चौघांच्या खांद्यावरून काढायचा बेत हाय बाईसाहेबांचा!" शेठजी म्हणाले, आणि ओटा गडगडला.

तो बोळ नदीकाठच्या मसणवट्याकडं जायचा. गल्लीतलं मयत तिथूनच निघायचं, आणि म्हणून दुसरं काहीच तिथून न्यायचं नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुरुषांना ते ठाऊक, कारण तिरडीमागं तेच जायचे. आम्ही बायका दारातूनच मागं फिरणाऱ्या. आणि नव्या सुनेपुढं तर त्या बोळाचं नावही कुणी काढत नसे. अशी ती सून, हातात रंगीत पेन्सिल घेऊन निघालेली!

"भरली पोती तिकडून? बोहनीच्या टायमाला? बिलकुल न्हाई!" एक आडत्या ओरडला.

"माझा टेम्पो नवाय, साहेब," टेम्पोवाला हात जोडून म्हणाला. "लिंबू-मिरची बांधूनबी भागायचं न्हाई."

शेठजींनी नकाशाची घडी केली, ह्यांच्या हातात दिली आणि समजूत काढल्यासारखे म्हणाले, "पोरीची अक्कल झकास हाय, साहेब. पन या गल्लीत वाट दोघांनाच मिळती. एक, तिकडं निघालेल्याला. न्हाईतर घोड्यावर बसलेल्याला. बाकीच्यांनी बसायचं."

वर खिडकीत सासूबाई माझ्याकडं वळल्या. "मास्तरीणबाई, हे सगळं कोनासाठी काढलंतं?"

"ताईंसाठी, आत्याबाई," मी म्हटलं.

"माझ्या पोरीला भरल्या पोटी त्या बोळातून न्यायला निघालीस व्हय? तुझा सासरा गेला त्याच वाटेनं, माघारी न्हाई आला. मंग बसू का मी हिचीबी वाट पाहत?"

मी मान खाली घातली. आणि तेवढ्यात खुसखुस ऐकू आली. नणंद एका हातानं गज आणि दुसऱ्या हातानं पोट धरून हसत होती. "वहिनी, लाल बाणानं या, अन् निळ्या बाणानं थेट वर!" तिला बोलता येईना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. किती दिवसांनी लेक हसली होती. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि एवढंच म्हणाल्या, "हस, माय, हस." मग शेंगांचं एक सूप भरून माझ्यापुढं सरकवलं, फोडत बस म्हणून.

शेंगा फोडायला नणंदही माझ्याजवळ येऊन बसली. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, "वहिनी, गल्ली बसली तर मी उतरून चालत जाईन. थांबायची न्हाई. मागच्या खेपेला समदे म्हनत होते, थांब, थांब, येईल गाडी. मी थांबले."

नकाशावर सोडवण्यासारखं हे काही नव्हतं, एवढं भूगोलाच्या बाईला तेव्हा कळलं.

कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी, नव्या तुरीच्या दिवसांत. म्हणजे गल्ली मुद्दाम तिच्यासाठीच बसली असावी अशा मुहूर्तावर. हे स्कूटर ओढत धावत गल्लीच्या तोंडाशी गेले आणि रिक्षा अडवून उभे राहिले, पण रिक्षा आत येईना. शेठजींच्या हमालांनी हातगाडा रिकामा केला, त्यावर रिकाम्या पोत्यांच्या घड्या अंथरल्या, वर आमची गोधडी, आणि नणंदेला उचलून बसवलं. ज्या एका गाडीला पेट्रोल लागत नव्हतं तीच तेवढी निघाली. चार दुकानं गेली आणि तीही अडली.

समोर बैलगाडी, तिच्यापुढं टेम्पो, त्याच्यापुढं आणखी गाड्या. कुणाची वाट द्यायला ना नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. सगळे कळकळून ओरडत होते, "सरका रे, सरका!" पण ज्याला त्याला वाटत होतं की आधी दुसऱ्यानं सरकावं. गाडीवान टेम्पोकडं हात करत होता, टेम्पोवाला बैलांकडं. मी गाड्याच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हातांनी डावीकडं, उजवीकडं असे इशारे करायला लागले. माझ्या इशाऱ्यांनी एक सायकल तेवढी हलली, आणि ती पडली.

मागं पाहिलं तर नणंदेनं एक पाय गाड्याखाली सोडला होता. ओठ पांढरे पडलेले. "मी चालते," म्हणत होती. सासूबाईंनी तो पाय पाहिला.

शेजारच्या पायरीवर ताशेवाले चाचा बसले होते. संध्याकाळी कुठलीशी वरात होती, म्हणून घमेल्यातल्या निखाऱ्यांवर ताशाचं कातडं शेकत होते. सासूबाई कधी गल्लीत मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर घट्ट ओढला आणि ओरडल्या, "चाचा, वाजवा!"

"क्या बजाऊं, भाभी? शादी किसकी है?"

"माझी! वाजवा जल्दी!"

चाचांनी एकदा सासूबाईंकडं पाहिलं, एकदा हातगाड्याकडं. मग पुढं काही न विचारता ताशा गळ्यात अडकवला आणि काड्या चालवल्या.

अर्धा घंटा जे आरडून झालं नव्हतं, ते त्या तडतडाटानं झालं. गल्लीला तो आवाज लहानपणापासून ठाऊक. विचार न करता गाडीवानानं बैल ओट्याला भिडवले. टेम्पो मागं गेला. हो, मागं गेला, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. शेठजी स्वतः उठून आपला तराजू आत ओढायला लागले. वर खिडक्या उघडल्या, नवरदेव बघायला बायका डोकावल्या आणि हातगाडा बघून त्यांचे हात गालावर गेले. एका म्हातारीनं तर सवयीनं शेजारच्या पोत्यातून मूठभर ज्वारी उचलली आणि अक्षता म्हणून आमच्यावर उधळली. दोन कळांच्या मधल्या उसंतीत नणंदेनं केसांतली ज्वारी झटकली आणि मला विचारलं, "वहिनी, नवरदेव कुठाय?"

"येतोय," मी म्हटलं, "पोटातून." आयुष्यात वेळेवर सुचलेलं माझं ते एकच उत्तर.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही तिघी रिक्षात बसलो. चाचांना कुणी बसा म्हटलं नाही आणि उतरा म्हणायचीही कुणाची छाती नव्हती. ते रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबकळत बसले आणि वाजवतच राहिले. पुलावर ट्रक, बस, सायकली. हवालदारानं आधी आमच्यावर शिट्टी मारली, मग आत वाकून पाहिलं, आणि पळत जाऊन समोरचा ट्रक अडवला. हे स्कूटरवरून मागं होते. त्या दिवशी उतारावर ह्यांनी इंजिन बंद केलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.

दवाखान्याच्या दारात नर्सबाई अंगावर धावून आली. "हितं वाजवू नका! पेशंट हायेत आत!"

"मंग आमी काय आनलं?" सासूबाई म्हणाल्या.

नणंदेला आत नेलं. चाचा पायरीवर बसले, ताशा मांडीवर उपडा. सासूबाई खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या. आतून नणंदेचा आवाज यायचा, मग थांबायचा. तो थांबला की सासूबाईही श्वास घ्यायच्या थांबायच्या. मी त्यांचा हात धरला होता की त्यांनी माझा, आता आठवत नाही. आणि मग दुसराच आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला.

सासूबाई तिथंच फरशीवर बसल्या. नर्सबाई बाहेर आली तर तिचं पातळ धरून विचारायला लागल्या, "रडतंय ना? बराबर रडतंय ना?"

"मावशी, दवाखाना डोक्यावर घेतलाय तुमच्या नातीनं. ऐकू येत न्हाई का?"

"येतंय," सासूबाई म्हणाल्या, "पन तुमी सांगा."

चाचा दारातून वाकून बघत होते. "अब बजाऊं?"

नर्सबाईनं कपाळावर हात मारला. "वाजवा. पन फाटकाबाहेर जाऊन."

त्यानंतर काय झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर वाटेल गल्लीचा प्रश्न सुटला. सुटला कसला! कुणाला रेल्वे गाठायची होती, कुणाची कोर्टात तारीख होती, कुणाचा इंटरव्ह्यू. जो तो चाचांना पुढं घालून वाजतगाजत निघायला लागला. मी शाळेत ऐटीत सांगायची, की आमच्या गल्लीनं बिनपेट्रोलचा भोंगा शोधलाय. व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी खराखुरा नवरदेव घोड्यावर आला, बँडसकट, आणि गल्लीतलं एक चाकसुद्धा हललं नाही. नवऱ्याचा मामा ओट्यावर चढून शिव्या द्यायला लागला तेव्हा शेठजींना जाग आली. त्यांनी सगळ्या आडत्यांना बसवून ठरवलं, की शाळा भरायच्या आत बैलगाड्या रिकाम्या व्हायच्या आणि टेम्पो त्यानंतरच आत यायचे. माझा नकाशा कुणी मागितला नाही. हा नियम एक हंगाम बरा चालला. पुढं कधी चालला, कधी नाही.

सव्वा महिना झाल्यावर नणंदेला न्यायला सासरहून जीप आली. दुपारची वेळ. ओटी भरली, पोरीला काजळाची तीट लावली, नणंद जीपमध्ये बसली, आणि जीप दोन घरं पुढं जाऊन अडकली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवायला घेतला. हे पुढं जाऊन टेम्पोवाल्याशी बोलायला निघाले.

"राहू दे, दादा," नणंद आतून म्हणाली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी बंद करा हो. धूर लागतोय पोरीला."

जीप बंद झाली. सासूबाई पळत पुढं गेल्या आणि खिडकीतून हात आत घातला. पोरीनं त्यांचं बोट धरलं. मग गल्लीतल्या बायका जमल्या. कुणी डिंकाचे लाडू आत दिले, कुणी झबलं, कुणी नुसतंच पोरीचं नाक कुणावर गेलंय त्यावर भांडण लावलं. नणंद सगळ्यांना उत्तरं देत होती, मधेच खळखळून हसत होती. हमालांनी बिड्या पेटवल्या. गल्ली चांगली तास-दीड तास बसून राहिली, आणि त्या दिवशी ती उठावी असं आमच्यातल्या एकीलाही वाटत नव्हतं.

शेवटी टेम्पोवाल्यानं आमचा खोळंबा पाहिला असावा. त्यानं आपणहून गाडी मागं घेतली, वाट मोकळी करून दिली आणि शाबासकी मिळेल या आशेनं सासूबाईंकडं पाहून हसला.

"मुडद्या," सासूबाई त्याच्यावर खेकसल्या, "तुला आजच बरी अक्कल आली!"